हरणाची गोळी आणि ताटातले शिसे

ऑक्टोबर महिन्यात एका रविवारी सकाळी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून भाच्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर तो म्हणाला, "मामा, हरणाच्या शिकारीसाठी रायफल घेतोय. २४३ घेऊ, ३०८ घेऊ की ६.५ क्रीडमूर? दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरेच सांगतात."

मी सरकारी रुग्णालयात आयुष्य घालवलेला माणूस. बंदुकीचा संबंध आला तो फक्त जखमी माणसामुळे. शिवाय आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरीण मारणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पहिल्यांदा मी त्याला झापलेच. पण तिथली परिस्थिती वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या तिथे भरपूर आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने शिकारीचा हंगाम असतो आणि परवाना काढायचा तर सुरक्षिततेचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. तो त्याने केला होता. "तुला काडतुसातले कळत नसेल, पण गोळी लागल्यावर शरीरात काय होते ते कळते ना?" या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही दोघेही अभ्यासाला बसलो.

आखूड काडतुसाचे घराणे

बोल्ट मागे ओढून काडतूस भरायच्या रायफलीत दोन मुख्य मापे असतात. ३०-०६ सारखे लांब काडतूस सुमारे ८५ मिलिमीटरचे, तर 'शॉर्ट अ‍ॅक्शन' रायफलीतले सुमारे ७१ मिलिमीटरचे. काडतूस आखूड, म्हणून बोल्टचा प्रवास कमी आणि रायफल थोडी सुटसुटीत.

यातले ३०८ विंचेस्टर १९५२चे. त्याचीच पितळी पुंगळी तोंडाशी आवळून १९५५ मध्ये २४३ विंचेस्टर झाले आणि १९८० मध्ये ७ एमएम-०८ रेमिंग्टन. ६.५ क्रीडमूर २००७चे, वेगळ्या पुंगळीवरून घडवलेले. २४३ची नेहमीची गोळी १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅम. ३०८ची १५० ग्रेन, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. बाकीची दोन यांच्या मधली. चारही गोळ्या नळीतून सेकंदाला साधारण ८०० ते ९०० मीटर वेगाने निघतात. अडीचशे मीटरच्या आतल्या हरणासाठी चारही पुरेशा आहेत. मग निवड कशावर करायची?

जीव कशाने जातो?

"जास्त ताकदीची गोळी म्हणजे हरीण जागच्या जागी पडणार," असे भाच्याच्या मित्रांचे म्हणणे. वैद्यकशास्त्र हे इतके सरळ मानत नाही. स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी गोळीच्या जखमांचे प्रयोग करून पाहिले होते. थायरॉइडवरील कामासाठी १९०९चे नोबेल मिळालेले हेच ते कोखर. पुढे अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून दाखवले, की नुसत्या ऊर्जेच्या आकड्यावरून जखमेचा अंदाज बांधता येत नाही. गोळी कोणत्या अवयवातून गेली, किती खोल गेली आणि वाटेत कशी पसरली किंवा फुटली, यावर सारे ठरते.

हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसांचा भाग साधारण २० ते २५ सेंटिमीटरचा, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षा लहान. तिथे गोळी लागली तर रक्तदाब झपाट्याने कोसळतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा थांबल्यावर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळात हरीण धावतही जाते. हीच गोळी एक वीत मागे, पोटात लागली तर आतडे फुटते आणि जनावर तासन्‌तास तडफडते. पोटात गोळी लागलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या वेदनेबद्दल मला कोणी सांगायची गरज नाही.

म्हणजे प्रश्न नेमाचा आहे, आणि नेम बिघडवतो तो धक्का. जोरदार धक्क्याची रायफल चार-दोनदा झाडली की शरीर शिकते. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो. सुई टोचण्याआधीच दंड आवळून धरणाऱ्या रुग्णासारखेच हे. सारख्या वजनाच्या रायफलींत २४३चा धक्का ३०८च्या निम्म्याहून थोडा जास्त असतो. ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८चा साधारण पाऊणपट. नवशिक्याने ३०८चा हट्ट धरू नये आणि ज्या रायफलीवर भरपूर सराव करवेल तीच घ्यावी, हे माझे पहिले मत.

कान परत येत नाहीत

दुसरे मत कानाबद्दल. क्षणिक आवाजाची धोक्याची मर्यादा १४० डेसिबल मानतात. रायफलीचा आवाज १६०च्या आसपास जातो. फरक वीसचाच दिसतो, पण या मापनात वीस डेसिबल म्हणजे दहापट दाब. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उजव्या हाताने रायफल झाडणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला असतो, म्हणून तो आधी बिघडतो. उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि कानात कायमची शिट्टी राहते. धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी 'मझल ब्रेक' लावतात. तो आवाज मागे, झाडणाऱ्याकडेच वळवतो. भाच्याला सांगितले, "ब्रेक नको. सरावाला कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही. आणि शिकारीच्या वेळीही कान उघडे ठेवायचे नाहीत."

खरा प्रश्न फ्रीझरमध्ये होता

बोलता बोलता तो म्हणाला, "गेल्या हंगामात मित्राने दिलेला हरणाचा खिमा अजून फ्रीझरमध्ये आहे. पोरीला त्याचे कबाब फार आवडतात." पोर चार वर्षांची. भाचेसून पाच महिन्यांची गरोदर. मी विचारले, "मित्राची गोळी कशाची होती?" त्याला ठाऊक नव्हते.

नेहमीच्या शिकारी गोळीचा गाभा शिशाचा असतो, वर तांब्याचे पातळ आवरण. लक्ष्यात शिरल्यावर ती पसरते आणि तिचे बारीक कण चहूकडे उडतात. अशा जखमेचा एक्स-रे काढला की पांढऱ्या ठिपक्यांचा सडा दिसतो. २००८ मध्ये नॉर्थ डकोटातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. विल्यम कॉर्नात्झर यांनी गरजूंसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्याची सुमारे शंभर पाकिटे सीटी स्कॅनखाली घातली. निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण निघाले. राज्याने अन्नदान केंद्रांना ते मांस टाकून द्यायला सांगितले.

२००९ मध्ये एका अभ्यासात शिशाच्या गोळीने मारलेली ३० हरणे तपासली गेली. सगळ्यांच्या एक्स-रेत कण दिसले, सरासरी १३६. नेहमीच्या खाटकांकडून कापून घेतलेल्या खिम्याच्या २३४ पाकिटांपैकी ३२ टक्क्यांत धातू होता. ते मांस डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातले शिसे वाढले, म्हणजे हे कण पोटातून नुसते निघून जात नाहीत. नॉर्थ डकोटातल्या ७३८ लोकांच्या रक्ततपासणीत शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे डेसिलिटरमागे ०.३ मायक्रोग्रॅमने जास्त आढळले. धडधाकट माणसाला ही वाढ किरकोळ वाटेल. पण त्या राज्याच्या आरोग्य खात्याने गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालील मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचे मांस खाऊ नये, असे स्पष्ट सांगितले.

याचे कारण सोपे आहे. मोठ्या माणसाचे आतडे खाल्लेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शोषते, लहान मुलाचे जवळपास निम्मे. रक्तात लोह आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर आणखी. शिसे वार ओलांडून गर्भापर्यंत जाते. मुलाच्या वाढत्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. ३.५ मायक्रोग्रॅम हा अमेरिकेतला सध्याचा आकडा पाठपुरावा कोणाचा करायचा ते ठरवण्यासाठी आहे, निर्धास्त राहण्यासाठी नाही.

मांस धुऊन कण जात नाहीत. शिजवून तर नाहीच. उलट शिसे आम्लात विरघळते, म्हणजे लिंबू, दही, चिंच लावून मुरवत ठेवण्याची आपली पद्धत इथे नडते. मी सांगितले, "पाकिटे आजच टाक. कचऱ्याच्या डब्यात टाक, रानात नको." शिशाचे कण असलेले अवशेष खाऊन तिथले गरुड मरतात. कॅलिफोर्नियाचे काँडोर १९८२ मध्ये अवघे २२ उरले होते. शिसे हा त्यांचा मोठा शत्रू, म्हणूनच त्या राज्याने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. जनावरांच्या डायक्लोफिनॅकने आपली गिधाडे कशी गेली, ते आपण पाहिलेच आहे.

तांब्याचा पर्याय

यावर उपाय आहे. संपूर्ण तांब्याची गोळी फुलाच्या पाकळ्यांसारखी उमलते आणि जवळजवळ अखंड राहते. पण तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. आखूड काडतुसात लांब गोळी दारूची जागा खाते. शिवाय तांबे उमलायला वेग लागतो. म्हणून तांब्याची गोळी एक पायरी हलकी घ्यायची आणि फार लांबून झाडायची नाही. ती महाग असते, हेही खरे. पण हंगामाला अशा किती गोळ्या लागणार?

शेवटी भाच्याने ७ एमएम-०८ घेतली, १२० ग्रेनच्या तांब्याच्या गोळ्यांसह. हरणांमधला 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून आहे. तो माणसाला झाल्याचा पुरावा नाही, पण त्याचे प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणून हरणाची तपासणी होऊन अहवाल येईपर्यंत मांस शिजवायचे नाही, हेही ठरले. पोरीच्या रक्तातले शिसे तपासले. १.८ आले. बालरोगतज्ज्ञांनी आहारात लोह वाढवायला आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले. भाचा म्हणाला, "मामा, कमीच आहे ना?" मी म्हटले, "कमी आहे. आता ते वाढू द्यायचे नाही."

वाचकहो, आपल्या ताटात हरीण नाही, पण शिसे येऊ शकते. जुन्या बॅटऱ्या वितळवणारी भट्टी, जुन्या रंगाचे पोपडे, भडक पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळलेली सुटी हळद, या त्याच्या वाटा आहेत. माझ्याकडे एकदा गुडघ्यात वर्षानुवर्षे छर्रा राहिलेला शेतकरी आला होता. सांध्यातल्या द्रवात शिसे हळूहळू विरघळते, म्हणून तो छर्रा काढावा लागला. पोट दुखते, मूल चिडचिडे झाले, रक्त वाढत नाही, या तक्रारींचे कारण सापडत नसेल आणि घरात यातले काही असेल, तर डॉक्टरांना शिशाच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. शिसे दिसत नाही आणि त्याची चवही कळत नाही. ते आपणच शोधावे लागते.