जुलैत घर बघायला जा

घर बांधायला काढलेली माणसे डिचोलीत माझ्याकडे येतात तेव्हा मोबाइलमध्ये बहुधा एक फोटो असतो. "बाय, असंच पाहिजे." फोटोत सपाट छत, पांढऱ्या भिंती, खालपासून वरपर्यंत काच. कोरड्या हवेत असे घर उत्तम टिकेल. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन आडवा येतो. म्हणून फोटो बाजूला ठेवून मी आधी विचारते, जागा कुठे आहे आणि कागद काय आहेत?

आर्किटेक्टचे काम इथून सुरू होते. एक-चौदाच्या उताऱ्यावर नावे कोणाची, सर्व्हे प्लॅनवर वाट कुठून, कूळ-मुंडकाराचा हक्क आहे का, जमीन कुठल्या झोनमध्ये, सनद झाली आहे का. मोरजी, मांद्रे, हरमल किंवा केरीत जागा असेल तर किनारी नियमन क्षेत्र (सीआरझेड) बघावे लागते. भरतीचे पाणी चढणाऱ्या नदीकाठालाही ते लागू होते, हे कित्येकांना ठाऊक नसते. मोपा विमानतळाच्या परिसरात उंचीचे बंधन तपासावे लागते. पंचवीस टक्क्यांहून जास्त उताराच्या डोंगरावर बांधकाम बसत नाही. हे सगळे जमिनीचा इसार देण्यापूर्वी कळले तर माणूस वाचतो. तेव्हा आर्किटेक्टला प्लॉट घेतल्यावर बोलावण्यापेक्षा घेण्याआधी बोलवा, हे मी कळकळीने सांगते.

मग प्रत्यक्ष जागेवर जायचे. पाणी कुठून येते, कुठे जाते, शेजारच्या विहिरीपासून सोकपिट किती लांब पडेल, पश्चिमेला झाड आहे की मोकळे रान. पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा किंवा आपल्या गावातले कुठलेही जुने चौकाचे घर नीट बघितले तर जुन्या मेस्त्रींनी हा हिशेब किती बारकाईने केला होता ते दिसते. जोते उंच, कौलांची वळचण भिंतीच्या बरीच पुढे, पावसाच्या बाजूला पडवी आणि पावसाळ्यापुरते तिला झावळ्यांचे झाप. भिंतींचा चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कठीण होतो. पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. भिंतीवर झड बसू द्यायची नाही, हे त्या सगळ्या रचनेचे मूळ.

आज पेडण्यापासून साखळीपर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे चढवलेली घरे दिसतील. स्लॅब गळायला लागला म्हणून पत्रे आले. त्या कुटुंबाने एका घराला दोन छपरे घातली आणि दोन्हींचे पैसे मोजले. पहिल्याच कागदावर उतरते छप्पर काढले असते तर त्या पैशांत मुलीची खोली झाली असती.

नव्या पद्धतीच्या घराला माझा विरोध नाही. चार्ल्स कोरिया यांनी पणजीत कांपालला मांडवीकाठी कला अकादमी उभी केली, ती पूर्णपणे आधुनिक आहे आणि तरीही चिऱ्याची, बुटकी, सावलीची, वाऱ्याला वाट देणारी. पर्वरीजवळ तोर्डा येथे जेरार्ड द कुन्हा यांचे 'हाउसेस ऑफ गोवा' संग्रहालय आहे. घर बांधणाऱ्या प्रत्येकाने एक सकाळ तिथे घालवावी. गोव्याच्या घराचे दार, खिडकी, शिंपल्यांची तावदाने तिथे शांतपणे बघता येतात.

आता निवड. वास्तुविशारद कायदा 1972 चा. पाच वर्षांची पदवी घेऊन कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद झालेल्यालाच 'आर्किटेक्ट' हे नाव लावता येते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कायद्याने संरक्षण आहे ते नावाला. नकाशे काढण्याचे काम इतरही करू शकतात. त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. नोंदणी क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो, त्यापुढे नोंदणीचे वर्ष असते. तो बेधडक मागा, चांगल्या आर्किटेक्टला त्याचा राग येत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने केलेली घरे बघा, आणि ती जुलैत बघा. पाच-सहा पावसाळे खाल्लेले घर निवडा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात ओल आली आहे का, बाथरूमच्या पाठच्या भिंतीला पोपडे आहेत का, दुपारी दिवा न लावता स्वयंपाकघरात भाजी चिरता येते का. घरमालकिणीला एकटीला विचारा, काम चालू असताना आर्किटेक्ट फोन उचलायचा का? नव्या घराचे फोटो यातले काहीच सांगत नाहीत.

"कंत्राटदार प्लॅन फुकट देतो" असे ऐकले की मला काळजी वाटते. सळी ठरल्यापेक्षा बारीक पडली, पिलरला पाणी मारायचे राहिले, तर तुमच्या बाजूने बोलायचे कोणी? आर्किटेक्टने कंत्राटदाराकडून किंवा दुकानदाराकडून कमिशन घेणे व्यावसायिक नियमांत बसत नाही. त्याचे पैसे फक्त तुमच्याकडून यावेत, यातच तुमचे हित आहे. फी टप्प्याटप्प्याने द्या. कराराच्या कागदावर लिहून घ्या की रेखाटने किती, स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, साइटवर भेटी कधी. आर्किटेक्ट अधूनमधून येऊन तपासतो, दिवसभर उभा राहत नाही. रोजची देखरेख हवी असेल तर वेगळा सुपरवायझर ठेवावा लागतो. बहुतेक भांडणे याच एका गैरसमजातून होतात.

आणि काम संपले म्हणून आर्किटेक्टला सोडू नका. नगर नियोजन खात्याची (टीसीपी) मंजुरी, पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना झाला तरी पूर्णत्वाचा आणि वास्तव्याचा दाखला उरतो. गृहप्रवेशाच्या गडबडीत तो मागे पडतो आणि पुढे घर विकताना किंवा कर्ज काढताना मुलांना शोधत फिरावे लागते. फीचा शेवटचा हप्ता हा दाखला हातात पडल्यावरच द्यायचा, असे सुरुवातीलाच ठरवून टाका.