वायद्यांचा हिशेब : तोटाही कागदावर हवा

आपल्या व्यापारी बांधवांत एक गैरसमज सर्रास आढळतो. दुकानाचे किंवा कारखान्याचे विवरणपत्र भरले की आयकराचे काम संपले. शेअर बाजारातील वायद्यांत तोटाच झाला, मग तो सरकारला कशाला सांगायचा? हा गैरसमज महागात पडतो.

पूर्वी असे सौदे सट्टा समजले जात. २००५ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यातील कलम ४३(५) मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त शेअर बाजारातील वायद्यांचे सौदे सट्ट्यातून वगळले गेले. त्यामुळे हे उत्पन्न साध्या धंद्याचे उत्पन्न ठरते. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी हे तत्त्व कायम आहे.

याचा फायदा असा : समजा, दुकानाचा नफा ४ लाख आणि वायद्यांतील तोटा दीड लाख आहे. दोन्ही दाखवल्यास धंद्याचे उत्पन्न अडीच लाखच धरले जाते. तोटा याहून मोठा असेल तर तो त्याच वर्षीच्या घरभाड्यातून किंवा व्याजातून वजा होतो. पगारातून मात्र होत नाही. तरीही उरलेला तोटा पुढील ८ वर्षे धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीच्या आत भरलेले हवे. मुदत चुकली की पुढे नेण्याचा हक्क गेला.

उलाढाल कशी मोजावी? एका सौद्यात ४० हजार नफा आणि दुसऱ्यात ३० हजार तोटा झाला, तर उलाढाल ७० हजार. १० हजार नव्हे आणि सौद्याची लाखोंची किंमतही नव्हे. लेखापरीक्षण लागते की नाही हे ठरवताना हाच आकडा उपयोगी पडतो.

धंदा मांडताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) वेगळी कंपनी काढण्याची गरज नाही. स्वतःच्या नावावर, आपल्याच पॅनवर हा धंदा करता येतो. मात्र बँक खाते दुकानापासून वेगळे ठेवावे.

२) दलाली, सौद्यांवरील कर, इंटरनेट व फोनचे बिल, सल्लागाराची फी आणि संगणकाचा घसारा हे खर्च वजा होतात. घर आणि धंदा यांत वापर वाटलेला असेल तर धंद्यापुरताच भाग धरावा.

३) एका दिवसात एकाच व्यक्तीला १० हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च अमान्य होतो.

४) दलालाकडील वर्षाचे विवरण, बिले आणि बँकेचे उतारे जपून ठेवावेत.

हा लेख कोणालाही या बाजाराचे आमंत्रण नाही. सेबीच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीने १९९२ मध्येच बाजारातील प्रचलित वायदे व ऑप्शन नाजायज ठरवले आहेत. आयकर कायद्याची मान्यता म्हणजे शरीअतची मान्यता नव्हे. तेव्हा पैसा गुंतवण्यापूर्वी मुफ्तीसाहेबांना विचारावे. ज्यांचे सौदे होऊन गेले आहेत त्यांनी सगळे कागद घेऊन मुदतीपूर्वी सी. ए.ची गाठ घ्यावी.