गप्पा की जेवण?

ऑस्ट्रेलियात संशोधक फेलिस जॅका यांच्या गटाने केलेली ‘स्माइल्स’ चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्य असलेल्या आणि खाण्याची आबाळ होत असलेल्या ६७ प्रौढांचे तिच्यात दोन गट केले होते. एका गटाला १२ आठवडे आहारतज्ज्ञाचं मार्गदर्शन मिळालं: भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल जास्त, गोड आणि तळलेलं कमी. दुसऱ्या गटाला तेवढ्याच भेटी, पण तिथे खेळ, बातम्या, संगीत यांवर गप्पा, नाहीतर बैठे खेळ. अखेरीस आहारगटातले सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, गप्पांच्या गटातले ८ टक्के. चाचणी लहान होती. तिच्या भरवशावर कुणीही औषधं बंद करू नयेत.

सोबत निरुपयोगी, असा अर्थ मात्र काढू नये. २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नाती घट्ट असलेल्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त दिसली. ठरवून दिलेल्या भेटी वेगळ्या आणि वर्षानुवर्षांची माणसं वेगळी.

आहाराचा विचार करताना आपल्याकडे ब-१२ कडेही लक्ष हवं. हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. त्यामुळे शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास आढळते. थकवा, विसराळूपणा, उदासी ही तिची लक्षणं. एकट्या राहणाऱ्या, रात्री चहा-बिस्किटांवर भागवणाऱ्या आजी-आजोबांची ही लक्षणं ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिली जातात. त्यांची रक्ततपासणी आधी करून घ्यावी, आणि रिपोर्ट द्यायला जाताना डबाही न्यावा.