मोर्चाच्या आधी पोच घ्या

शक्तिपीठ महामार्गाची सोलापूरच्या पुढची आखणी बदलणार, असं डिसेंबर २०२५ मध्ये नागपूर अधिवेशनात जाहीर झालं. कोल्हापूरची अधिसूचना तर त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर रद्द झाली होती. तेव्हापासून अर्धापूर-हदगाव पट्ट्यात चहाच्या टपरीवर एकच सवाल आहे: त्यांचं ऐकलं, मग आमचंच का नाही?

महामार्ग काय आहे हे इथल्या वाचकाला नव्याने सांगायची गरज नाही. मूळ आखणीत पवनारपासून पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर, १२ जिल्हे, आणि २४ जून २०२५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत भूसंपादन व नियोजनासाठी मंजूर झालेले २०,७८७ कोटी रुपये. रेणुकामाता, तुळजाभवानी आणि अंबाबाई जोडायच्या म्हणून हे नाव. माहूर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा देवीच्या नावाला विरोध करणारा माणूस नांदेडात सापडणार नाही. विरोध आहे तो केळीच्या बागेतून आणि हळदीच्या शेतातून जाणाऱ्या रेषेला. शिवाय तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ-नागपूर असा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग अर्धापूरला खेटूनच जातो. त्याच्या जोडीला दुसरा कशाला, हा प्रश्न रोज त्या रस्त्याने नांदेडला जाणाऱ्या माणसाला पडणं साहजिक आहे.

‘आमचं का नाही’ या सवालाचं तयार उत्तर म्हणजे पुढारी. कोल्हापूरकडे साखर, सत्ता आणि तगडे नेते, आपल्याकडे अनुशेष. यात तथ्य आहे, पण निम्मंच. उरलेलं निम्मं आपल्याला ऐकायला आवडत नाही. कोल्हापुरात कृती समिती आंदोलनापुरती जन्माला येत नाही, ती तिथे कायमची वस्तीला असते. विषय बदलतो, माणसं बहुतांशी तीच राहतात आणि कागदांची पिशवीही तीच राहते.

ती पिशवी सांभाळणाऱ्यांत प्रा. एन. डी. पाटील सर्वांत मोठे. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पुलोद सरकारात सहकारमंत्री, रयत शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, आणि एवढं सगळं असून अखेरपर्यंत रस्त्यावरचे कार्यकर्ते. शहरातल्या रस्त्यांवर खासगी कंपनीने लावलेल्या टोलविरुद्ध कोल्हापूर काही वर्षं लढलं, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडलेली होती. गोविंद पानसरे त्या लढ्यातले त्यांचे सोबती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंची हत्या झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने टोल रद्द केल्याचं जाहीर केलं. मोर्चे प्रचंड निघाले, टोलनाक्यांवर राडेही झाले, आणि बातम्यांत तेच आले. पण त्या लढ्याचा कणा रस्त्यांच्या कामाच्या हिशेबात होता. करारात काय लिहिलं आणि प्रत्यक्षात काय झालं, याची तपासणी लोकांनी करायला लावली. टोल द्यायचा नाही असं म्हणायला घसा पुरतो, का द्यायचा नाही हे सांगायला मात्र मोजपट्टी हातात घ्यावी लागते.

त्याआधीचं एन. डीं.चं काम मला अर्धापूरसाठी जास्त मोलाचं वाटतं. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यात महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायच्या ठरल्या. एन. डी., कार्यकर्त्या उल्का महाजन आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी एक मुद्दा घट्ट धरला: ही गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहेत आणि ओलिताखालची जमीन सेझला देता येत नाही. शेवटी सरकारला लोकांचा कौल घ्यावा लागला. २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत जमीनमालकांनी मतदान केलं, कौल सेझच्या विरोधात गेला आणि पुढे तो सेझ बारगळला. एखाद्या प्रकल्पासाठी जमीन द्यायची की नाही यावर सरकारी यंत्रणेने शेतकऱ्यांचं मत मोजलं, असं या राज्यात क्वचितच घडलं आहे.

हेटवणेच्या जागी इसापूर धरण ठेवा. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं पाणी आलं म्हणून अर्धापूरला केळी आली. मग पेणचा धडा इथे जसाच्या तसा गिरवता येईल का? नाही, आणि हे स्टेजवरून कोणी सांगत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १० बहुपीक बागायती जमिनीला संरक्षण देतं खरं, पण रस्ते, रेल्वे, कालवे अशा सरळ रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना त्यातून वगळलेलं आहे. त्यात शक्तिपीठचं संपादन १९५५ च्या महाराष्ट्र महामार्ग अधिनियमाखाली. २०१८ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून या अधिनियमाला सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून आणि संमतीच्या अटीतून मोकळं केलं. मोबदल्याचं सूत्र २०१३ चं, बाकीची कटकट नको, असा एकूण व्यवहार. माझ्या मते शेतकऱ्यांची सगळ्यांत मोठी फसगत तिथेच झाली, आणि त्या वेळी मराठवाड्यात एखादी सभा झाल्याचंही कोणाला आठवत नाही.

म्हणजे अर्धापूरच्या शेतकऱ्याच्या हातात कायद्याचं एकच छोटं दार उरतं: महामार्ग अधिनियमाच्या कलम १५(२) च्या नोटिशीनंतरची हरकत. नोटिशीत जी मुदत दिली असेल तेवढ्यातच ती द्यायची, आणि ही मुदत दिवसांत असते, महिन्यांत नसते.

हरकत म्हणजे ‘आम्ही भूमिहीन होऊ’ असा एकच मजकूर चारशे झेरॉक्सवर नुसती नावं बदलून देणं नव्हे. गट नंबर, त्यातलं जाणारं क्षेत्र, उरणाऱ्या तुकड्याला वाट राहते का, विहीर एका बाजूला आणि बाग दुसऱ्या बाजूला पडते का, पाइपलाइन कुठे तुटते, कालव्याची चारी कोणाची बंद होते, पावसाचं पाणी भरावाला अडून कोणाच्या रानात तुंबेल, हे ज्याचं त्याने लिहायचं. छापील मजकुराच्या चारशे हरकती एका ओळीच्या उत्तरात निकाली निघतात. चारशे वेगवेगळ्या हरकती आल्या की त्या वाचायला माणूस बसवावा लागतो.

आणि पोच. या एका कागदाबद्दल मी हटवादी आहे, आधीच सांगतो. तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक आवक टेबलावर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात आवकवाले जेवायला गेलेले असतात, शिक्क्याचं पॅड वाळलेलं असतं, ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ असं ऐकवलं जातं, आणि सत्तर किलोमीटर मोटारसायकल हाणून आलेला माणूस ठेवून जातो. तिथेच अर्ज मेला. सहा महिन्यांनी ‘आपली हरकत प्राप्त नाही’ म्हटलं की दाखवायला काही नसतं. शिक्का मिळेपर्यंत बाकावर बसून राहायचं. फारच टोलवाटोलवी झाली तर स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पावती जपायची. पुढे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात विचारायचं: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? तीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. आवक क्रमांक नसेल तर हा प्रश्न विचारताच येत नाही. मोर्चात पुढे चालणारे गावात पुष्कळ असतात, ही फाइल सांभाळणारा एखादाच असतो, आणि पत्रकार परिषदेत त्याला मागच्या रांगेत बसवतात.

ग्रामसभेचंही तेच. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीला गावाचे १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं. एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त उठतात. तरी गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पाच-दहा जणांत ठराव होतात, रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या गोळा होतात. महामार्गाविरोधातला ठराव असा झाला तर त्याची किंमतही तेवढीच. ग्रामसेवकांचं आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, तलाठ्यांचं ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, रजिस्टर मात्र अजून घरोघर फिरतंच आहे.

अर्धापूरच्या ग्रामसभेच्या ठरावाने महामार्ग कायद्याने अडत नाही, हेही खरं आहे. किनवटकडच्या अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यामुळे ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते, तो आधार इकडे नाही. ठरावाचा उपयोग पुढे होतो, न्यायालयात, विधानसभेच्या प्रश्नोत्तरात, आणि निवडणुकीआधीच्या त्या तीन महिन्यांत, जेव्हा कोल्हापूरची अधिसूचना रद्द होते. भरल्या सभेत, गट नंबरांसह झालेला, तारीखवार ठराव आमदाराच्या टेबलावर ठेवला की त्याला ‘काही मोजक्या लोकांचा विरोध’ म्हणता येत नाही.

खुद्द अर्धापूर शहरात तर ग्रामसभाच नाही. नगरपंचायत झाली, गाव शहरात मोजलं जाऊ लागलं आणि गावकऱ्यांचा एकत्र बसून जाब विचारायचा हक्क गेला. शहरांसाठी ‘क्षेत्र सभे’ची तरतूद राज्याने २००९ मध्ये केली, ती कागदावरच राहिली. ज्यांची घरं शहरात आणि शेतं शिवारात, त्यांनी कुठे बसायचं? याचं उत्तर आज तरी वॉर्डातल्या पारावर स्वतःच सभा बोलावणं, एवढंच आहे.

आपल्याला हे जमत नाही, असं कोणी म्हणू नये. निजामाच्या राज्यात याच भागातल्या माणसांनी करोडगिरीची नाकी जाळली, सरकारचा महसूल बुडावा म्हणून शिंदीची झाडं तोडली. कंधारचे केशवराव धोंडगे आमदार झाले, १९७७ मध्ये नांदेडचे खासदार झाले, आणीबाणीत तुरुंगात गेले, ‘जयक्रांती’ साप्ताहिक चालवलं आणि १ जानेवारी २०२३ ला शंभरी ओलांडून गेले. शेकापचाच माणूस, एन. डीं.च्याच पठडीतला. मन्याड खोऱ्यातल्या गुराख्यांसाठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या या माणसाला लोक विक्षिप्तही म्हणत. पण तालुक्याच्या गावी राहून, मुंबईकडे डोळे न लावता विरोधी राजकारण वर्षानुवर्षं चालवता येतं, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्यामागे तशी समिती मात्र उरली नाही. पुढारी गेला की लढा गेला, हा आपला जुना रोग.

अगदी अलीकडचं घ्या. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी गावोगाव साखळी उपोषणाचे मंडप पडले, पुढाऱ्यांना गावबंदी झाली. रोज कोणी बसायचं याची वही होती, पाळ्या लागल्या होत्या, मंडपाचा खर्च वर्गणीतून निघत होता. ती वही सांभाळणारी पोरं आजही त्याच गावांत आहेत. शक्तिपीठसाठी तीच माणसं व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत. तिथे सकाळी देवीचा फोटो, दुपारी ‘जाहीर निषेध’, संध्याकाळी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. ग्रुप वाईट नाही, निरोप पोचवायला उत्तम आहे. ग्रुपवर अंगठा दाखवलेला माणूस मोजणीच्या दिवशी बांधावर येतोच असं मात्र नाही.

आणि मोजणीच्या दिवशी काम असतं. विरोध असेल तर तो पंचनाम्यात लिहून घ्यायचा, नुसती ओरड हवेत जाते. मोजणी पोलीस बंदोबस्तात झालीच, तर विहीर, बोअर, पाइपलाइन, ठिबक, झाडं, प्रत्येक नग संयुक्त मोजणीच्या कागदावर आला की नाही ते उभं राहून पाहायचं. त्या कागदावर जे नाही त्याचा मोबदला नाही. विरोध करणाऱ्याने हे पाहणं म्हणजे शरण जाणं, असं काही जहाल मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांची बाग त्या गटात नसते.

तरुण बांधावर येत नाहीत याचं एक कारण उघड बोललं जात नाही. पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरावर रास्ता रोकोत गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात, पण भरतीची तारीख त्यांची वाट पाहत नाही. म्हणून रास्ता रोकोत घरची पन्नाशीची माणसं बसवायची आणि पोरांकडे हरकती लिहायचं, नकाशे वाचायचं, माहिती अधिकाराचं काम द्यायचं. ही वाटणी एकदा बैठकीत ठरवून टाकावी, लाजायचं कारण नाही.

बायकांचं काय, हा प्रश्न बैठकीत सहसा चहा आल्यावर निघतो. ग्रामसभेआधी महिलासभा घेणं कायद्याने आवश्यक आहे, तीही बहुधा रजिस्टरातच होते. याच राज्यात दारूचं दुकान बंद करायला बायकांनी आडव्या बाटलीला मतं दिली. झालेल्या मतांतली निम्मी चालत नाहीत, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात, आणि तेवढी मतं बायका उन्हात रांग लावून मिळवतात. अर्धापूरच्या शिवारात हळद शिजवण्यापासून केळीची खुरपणी करण्यापर्यंत अर्ध्याहून जास्त काम त्यांचं. सातबारावर नाव नसल्याने नोटीस त्यांच्या नावे येत नाही. पण महामार्ग अधिनियमातली हरकत मालकापुरती नाही, त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे अशा कोणालाही ती देता येते. कुळाला देता येते, वाटा असलेल्या बहिणीला देता येते. नवऱ्याच्या हरकतीखाली अंगठा घेण्याऐवजी तिचा स्वतंत्र अर्ज करावा. आणि हो, तिच्याही अर्जाची पोच घ्यावी.