करार नव्हता, पण हक्क आहेत

बाथरूम फोडून नवं केलं आणि दोन महिन्यांत खालच्या घराच्या छताला ओल आली. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. अशा वेळी घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, "आपण करार कुठे केला होता?" आणि माणूस तिथेच हातपाय गाळतो.

हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही वैध असतो. प्रश्न उरतो तो पुराव्याचा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन, यूपीआयने दिलेली उचल, "उद्या माणूस पाठवतो" हा मेसेज, सगळं जपून ठेवा. पक्कं बिल मिळालं नाही म्हणून तर मुळीच खचू नका. काम करून बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे चूक त्याची.

"महारेराकडे जाऊ" असंही सुचवलं जातं. रेरा बिल्डरसाठी आहे. तुम्ही स्वतः नेमलेल्या ठेकेदाराविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते. पोलिसांत गेल्यास बहुधा "हा दिवाणी मामला" असं उत्तर मिळतं, कारण काम बिघडवणं म्हणजे फसवणूक नव्हे. फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता, हे दाखवावं लागतं.

कोर्टाची पायरी चढायची भीती मी समजू शकतो, पण आयोगात वकील सक्तीचा नाही. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. ठेकेदार दुसऱ्या शहरातला असला तरी. मुदत मात्र 2 वर्षांची, तेव्हा "करून देतो, करून देतो" यावर विसंबून दिवस घालवू नका.

आणि कळकळीने सांगतो, रागाच्या भरात दुसरा मिस्त्री बोलावून सगळं फोडू नका. टाइल्स उखडल्या की पुरावाही गेला. आधी फोटो, व्हिडिओ, त्रयस्थ इंजिनिअरचा लेखी अहवाल आणि दुरुस्तीसाठी मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने. मुदत उलटली की मग खुशाल दुसऱ्याला काम द्या. पण त्याच्याकडून पक्कं बिल घ्या. भरपाई मागताना तेच बिल पुढे ठेवायचं आहे.