जड तेल, कोक आणि हायड्रोजनचा हिशेब

अंबरनाथच्या आनंदनगर किंवा मोरिवली एमआयडीसीतल्या कारखान्यांत वाफेच्या तापमानावर काम भागेना, की थर्मिक फ्लुइड हीटर बसवावा लागतो. पंप खनिज तेल सतत फिरवत ठेवतो. ते कॉइलमध्ये तापतं, रिॲक्टरच्या जॅकेटला उष्णता देतं आणि परत येतं. साधारण २८० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत हे तेल निभावतं. पण लाइट गेली, पंप थांबला आणि भट्टी मात्र धगधगतेच आहे, तर कॉइलमध्ये अडकलेलं तेल दूध बुडाला लागावं तसं भिंतीला लागतं. अशी कॉइल कापून पाहिली तर आत काळा, टणक थर सापडतो. तो कोक. त्यातून उष्णता नीट पलीकडे जात नाही, त्यामुळे नळीचा धातू आणखी तापतो, आणखी कोक धरतो आणि शेवटी नळी फुटते, आग लागते. म्हणूनच थर्मिक तेलाचा नमुना वेळच्या वेळी प्रयोगशाळेत पाठवणं मला आग विझवायच्या सिलिंडरइतकंच गरजेचं वाटतं. ज्वलनांक उतरला किंवा चिकटपणा बदलला, की तेल फुटू लागलंय हे कॉइलला धोका होण्याआधी कळतं.

तेल फुटण्याची जी प्रक्रिया हीटरमध्ये नको असते, तीच रिफायनरी मुद्दाम घडवून आणते. मुंबईत माहुलला १९५४ आणि १९५५ मध्ये दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या. आज त्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या आहेत. कच्चं तेल साडेतीनशे अंशांच्या बरंच वर नेलं की ते उकळण्याऐवजी फुटू लागतं, म्हणून साध्या ऊर्ध्वपातनानंतर उरलेला जड भाग निर्वातात ऊर्ध्वपातित करतात. त्यानंतरही तळाशी जो डांबरासारखा गाळ राहतो, तो व्हॅक्यूम रेसिड्यू. त्यातला काही रस्त्यांच्या डांबरात जातो, काही फर्नेस ऑइलमध्ये. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली आणि गंधकाने भरलेल्या या गाळाची एक मोठी वाट अरुंद झाली. त्याचं डिझेल करता आलं तर?

करता येतं, पण हायड्रोजनचा हिशेब जुळवावा लागतो. डिझेलमध्ये प्रत्येक कार्बन अणूमागे जवळपास दोन हायड्रोजन असतात, रेसिड्यूमध्ये दीडच्या आसपास. साडेचारशे अंशांच्या घरात कार्बन-कार्बन बंध तुटतात आणि मुक्त मूलकं तयार होतात. काही तुकडे शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून घेतात आणि हलकी तेलं होतात. ज्यांचा हायड्रोजन गेला, त्यांची वलयं एकमेकांना जोडली जाऊन शेवटी कोक होतो. बाहेरून हायड्रोजन आणला नाही, तर हलक्या तेलासाठी कोक पत्करावाच लागतो.

डिलेड कोकिंगमध्ये तो सरळ पत्करतात. पाचशे अंशांच्या आसपास तापलेलं तेल उंच ड्रममध्ये सोडतात, कोक तिथे जमू देतात आणि मग उच्च दाबाच्या पाण्याने तो कापून काढतात. हायड्रोक्रॅकिंगमध्ये शंभर-दोनशे वातावरणांच्या दाबाखाली हायड्रोजन आत ढकलतात, पण तेलातलं निकेल आणि व्हॅनेडियम उत्प्रेरकाला निकामी करतात. शिवाय तो हायड्रोजन बहुधा नैसर्गिक वायूपासूनच बनवतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच.

तिसरी वाट व्हिसब्रेकिंगची: थोडंच फोडायचं, चिकटपणा उतरवायचा आणि वेळेत थांबायचं. खरी कसोटी या थांबण्यात आहे. रेसिड्यूमधले ॲस्फाल्टीन हे मोठे, वलयांनी भरलेले रेणू भोवतालच्या रेझिनमुळे तरंगत राहतात. जास्त तापवलं की हा आधार सुटतो आणि ते खाली बसतात. मग टाकीत गाळ साचतो, बर्नरचा स्ट्रेनर चोक होतो. शिवाय या तापमानाला दहा-पंधरा अंश चढले की अभिक्रियेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे चुकीला जागाच कमी.

किती फोडायचं आणि कुठे थांबायचं, या सीमारेषेवर माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत, चिकाटीने काम झालं आहे. १९३३ पासूनची ही संस्था मुंबई आणि आसपासच्या रासायनिक उद्योगाला अभियंते देत आली आहे. प्रा. ज्येष्ठराज जोशी, प्रा. अनिरुद्ध पंडित आणि सहकाऱ्यांनी डिलेड कोकिंगचा २००७ मध्ये आणि व्हिसब्रेकिंगचा २००८ मध्ये विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. मला त्याहून वेधक वाटतो तो त्यांचा अल्ट्रासाउंडचा प्रयोग. बॉम्बे हाय आणि अरबी तेलांच्या रेसिड्यूवर त्यांनी ध्वनिलहरी सोडून पाहिल्या. लहरींमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि कोसळतात. कोसळताना त्या इवल्याशा जागेत क्षणभर हजारो अंश तापमान होतं. बाकीचं तेल मात्र त्या मानाने थंडच राहतं, कोकची भिंत उभी राहायला तापलेली नळीच नसते. या प्रयोगात तेलाचा चिकटपणा आणि त्यातलं ॲस्फाल्टीनचं प्रमाण कमी झालं.

अडचण आहे ती आवाका वाढवण्याची. जाड तेलात ध्वनिलहर ती सोडणाऱ्या प्रोबपासून थोड्याच अंतरावर मंदावते, म्हणून चंचुपात्रात जमलेलं टनांमध्ये जमवणं कठीण. पंडित आणि जोशी यांनी १९९३ मध्येच मेदतेलांसाठी दुसरा मार्ग दाखवला होता: ध्वनीऐवजी पंप वापरून द्रव अरुंद छिद्रातून दामटायचा. वेग वाढून दाब घसरला की बुडबुडे आपोआप उठतात. त्यासाठी एक पंप आणि नळीत बसवलेली भोकं पाडलेली चकती एवढं सामान पुरतं.