जुनें बीं उशिरां कां उगवतें ?

कणगींत वर्षें काढलेलें बीं उशिरां उगवतें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. आपण त्यास आळशी म्हणतों. तें अन्यायाचें होय.

साठवणींत गर्भपेशींतील डीएनएचे धागे जागोजाग तुटतात. हे धागे हिस्टोन नांवाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेले असतात. बीं भिजतांच एटीएम नामक विकर तुटीजवळच्या हिस्टोनावर फॉस्फेटची खूण करतें. अशी खूण प्रथम १९९८ सालीं सस्तन प्राण्यांच्या पेशींत दिसली. तिच्या सुमारानें दुरुस्तीचीं प्रथिनें तेथें जमतात, आणि तोंवर अंकुर थांबतो.

मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिसवर २०१६ सालीं असें आढळलें कीं, एटीएम नसलेलें जुनें बीं लवकर उगवतें खरें, परंतु रोपांच्या गुणसूत्रांत बिघाड राहतो. मात्र ओल व उष्मा लागलेल्या बियांत तुटी इतक्या वाढतात कीं, दुरुस्तीही अपुरी पडते.